‘हे क्रिकेट नव्हे’ असे कोणी कोणाला म्हणावे?

२४ सप्टेंबर २०२२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर दीप्ती शर्मा गोलंदाजीसाठी धावत आली, चेंडू सुटण्याआधीच गोलंदाजाच्या टोकाला क्रीझबाहेर सरकलेल्या इंग्लंडच्या चार्ली डीनकडे तिचे लक्ष गेले, ती थांबली, वळली आणि तिने यष्ट्या उडवल्या. इंग्लंडचा डाव १५३ धावांवर संपला, भारताने सामना १६ धावांनी जिंकला आणि झूलन गोस्वामीच्या दीर्घ कारकिर्दीवरही त्याच क्षणी पडदा पडला. पुढचे कितीतरी दिवस मात्र ना झूलनची चर्चा झाली, ना निकालाची. चर्चा झाली ती ‘इट्स नॉट क्रिकेट’, म्हणजे ‘हे क्रिकेट नव्हे’, या जुन्या इंग्रजी वाक्प्रचाराची. दहा महिन्यांच्या आत, २ जुलै २०२३ रोजी, त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक ॲलेक्स कॅरीने इंग्लंडच्या जॉनी बेअरस्टोला यष्टिचीत केले तेव्हा तेच वाक्य पुन्हा ऐकू आले, आणि या वेळी ते दोन देशांच्या पंतप्रधानांपर्यंत पोहोचले. आपल्याकडे या वादाचे दोन तट पडले. एका तटाच्या मते क्रिकेट हा सभ्य गृहस्थांचा खेळ असून त्याची एक पवित्र परंपरा आहे, जी नियमपुस्तकाहून मोठी आहे. दुसऱ्या तटाच्या मते नियम तो नियम, बाकी सारा गोऱ्या साहेबाचा दांभिकपणा. हे दोन्ही तट एकाच चुकीवर उभे आहेत असे मला वाटते. दोघेही त्या वाक्याचा अर्थ शब्दकोशात शोधतात. तो शोधायला हवा ते वाक्य कोण कोणाला उद्देशून उच्चारतो यात. माझे म्हणणे असे, की नियम जिथे स्पष्ट बोलतो तिथे या वाक्प्रचाराला काहीही काम नाही. त्याचे खरे काम नियम जिथे गप्प बसतो तिथे सुरू होते. गेली दीडशे वर्षे त्याला नको तिथे राबवले गेले आणि हवे तिथे मात्र त्याला मैदानाबाहेर बसवण्यात आले.

आधी परंपरेच्या पावित्र्याकडे पाहू. क्रिकेटचे नियम कागदावर आले ते नीतिमत्तेच्या काळजीपोटी आले नाहीत, पैजेच्या काळजीपोटी आले. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये उमराव आपापले संघ बाळगत, त्यांच्यावर मोठमोठ्या रकमा लावत, आणि एवढा पैसा गुंतला की भांडण नको म्हणून करार लिहिले जात. असा एक करार १७२७ साली ड्यूक ऑफ रिचमंड आणि ॲलन ब्रॉड्रिक यांच्यात झाला. त्यातील एक कलम या संपूर्ण विषयाची गुरुकिल्ली आहे: खेळाच्या कोणत्याही मुद्द्यावर जो खेळाडू बोलेल किंवा मत देईल त्याला सामन्यातून काढून टाकावे, मात्र हे बंधन खुद्द ड्यूक आणि ब्रॉड्रिक यांना लागू नाही. आपल्या गल्लीत ज्याची बॅट त्याचा निर्णय असतो, त्याचेच हे सरंजामी रूप. १७७४ साली लंडनमधल्या उमरावांनी आणि प्रतिष्ठितांनी एकत्र बसून नियमांची जी सुधारित संहिता केली, तिच्यात पायचीतचा नियम जसा आला तशीच पैजा कशा मिटवाव्यात याचीही कलमे होती. १८१७ साली विल्यम लँबर्ट या त्या काळच्या अव्वल फलंदाजावर सामना विकल्याचा आरोप ठेवून त्याला लॉर्ड्सवर कायमची बंदी घालण्यात आली. लँबर्ट पोटासाठी खेळणारा व्यावसायिक होता. ज्यांच्या पैजांमुळे सामने विकण्याजोगे झाले होते, त्या बड्या मंडळींना मैदान खुलेच राहिले.

मग हा खेळ सचोटीचे दुसरे नाव केव्हा झाला? जेम्स पायक्रॉफ्ट या धर्मोपदेशकाने १८५१ साली लिहिलेल्या ‘द क्रिकेट फील्ड’ या पुस्तकात ‘नॉट क्रिकेट’ हे शब्द सापडतात, आणि वाक्प्रचाराचा माग काढणारे बहुधा तिथेच येऊन थांबतात. पण तिथे त्यांचा रोख खेळापुरताच आहे: अमुक गोष्ट चांगल्या खेळात बसत नाही, एवढेच. रांग मोडणाऱ्याला, शब्द देऊन नंतर घर दुसऱ्याला विकणाऱ्याला, विरोधकाच्या आजारपणाचा फायदा घेणाऱ्या पुढाऱ्याला उद्देशून तेच शब्द वापरले जाऊ लागले ते नंतर, आणि मधल्या काळात काय घडले हे महत्त्वाचे आहे. धनिकांच्या निवासी शाळांनी साम्राज्याला लागणारे अधिकारी घडवण्याचे काम अंगावर घेतले होते. अशा नऊ नामांकित शाळांची पाहणी करणाऱ्या क्लॅरेंडन आयोगाने १८६४ साली नोंदवून ठेवले की क्रिकेट-फुटबॉलची मैदाने केवळ करमणुकीच्या जागा नाहीत, तिथे सामाजिक आणि मर्दानी सद्गुण घडतात. पैजेच्या खेळाची मुंज लागली ती अशी. ज्या वर्गाने आधी खेळावर पैसे लावले होते त्याच वर्गाने पुढे त्यावर नीतिशास्त्र लावले, आणि दोन्ही वेळा मैदानावर बोलण्याचा अधिकार आपल्याकडेच राखला.

या नीतिशास्त्राचा सर्वांत थोर पुतळा म्हणजे इंग्लंडचा विख्यात खेळाडू डब्ल्यू. जी. ग्रेस. ऑगस्ट १८८२ मध्ये ओव्हलच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा तरुण सॅमी जोन्स धाव पूर्ण करून, चेंडू मृत झाला असे समजून, खेळपट्टी थोपटायला क्रीझबाहेर गेला. ग्रेसने हातातल्या चेंडूने यष्टी उडवली आणि पंचांनी जोन्सला बाद दिले. नियमाने ते बरोबर होते. संतापलेल्या ऑस्ट्रेलियाच्या फ्रेड स्पॉफर्थने त्या सामन्यात १४ बळी घेतले, ८५ धावांचे लक्ष्य असलेला इंग्लंडचा संघ ७७ वर बाद झाला, एका लंडनच्या पत्राने इंग्लिश क्रिकेटचा उपहासात्मक मृत्युलेख छापला आणि त्यातून इंग्लंड-ऑस्ट्रेलियामधली ‘ॲशेस’ जन्माला आली. म्हणजे जगातल्या सर्वांत मानाच्या क्रिकेट-स्पर्धेच्या मुळाशी १४१ वर्षांनंतर बेअरस्टोच्या बाबतीत घडले त्याचीच सख्खी बहीण शोभेल अशी घटना आहे; फक्त यष्टी उडवणारा हात त्या वेळी इंग्रजाचा होता. त्या कृतीला कोणी ग्रेसचे नाव दिले नाही. विनू मंकड यांनी १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनीत बिल ब्राऊनला चेंडू टाकण्यापूर्वी धावचीत केले तेव्हा मात्र त्या कृतीला त्यांचे नाव चिकटले आणि पाऊणशे वर्षे चिकटून राहिले. वास्तविक मंकडांच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, १८३५ साली, नॉटिंगहॅमच्या थॉमस बार्करने हेच केले होते. ब्राऊनला त्याच दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यात मंकडांनी आधी ताकीद देऊन आणि नंतर त्याच रीतीने बाद केले होते. प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मंकडांची बाजू उचलून धरली होती. फलंदाज आधीच निघाला तर त्याला अन्याय्य फायदा मिळतो, हा त्यांचा साधा युक्तिवाद होता. तरीही शब्द रूढ झाला तो मंकडांच्या नावाचा.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. शब्दाचा उगम म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. आपण ‘कुरघोडी’ म्हणतो तेव्हा आखाड्यातली माती कोणाला आठवत नाही. ‘खो घातला’ म्हणताना कोणी पाटीवर उकिडवे बसलेले नसते. मग ‘हे क्रिकेट नव्हे’ या वाक्याचा जन्म दांभिकांच्या घरी झाला म्हणून आज त्यातला सचोटीचा आग्रह खोटा कसा ठरतो? हा आक्षेप मी मान्य करतो, आणि म्हणूनच ‘सारे ढोंग आहे’ असे म्हणून हात झटकणाऱ्या दुसऱ्या तटाशी मी जाऊ शकत नाही. पण अर्थ जर वापरातून ठरत असेल, तर वापराचा इतिहास तपासावाच लागेल, आणि तो इतिहास दोन्ही तटांना अडचणीचा आहे.

जानेवारी १९३३. ॲडलेडच्या कसोटीत हॅरॉल्ड लारवूडचा चेंडू ऑस्ट्रेलियाचा कर्णधार बिल वुडफुलच्या हृदयाजवळ बसला. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन याने लेग बाजूला क्षेत्ररक्षकांचे कडे उभारून फलंदाजाच्या अंगावर वेगवान मारा करण्याची युक्ती आखली होती. हा जार्डिन मुंबईत, मलबार हिलवर जन्मलेला आणि विंचेस्टर-ऑक्सफर्डच्या संस्कारात वाढलेला. या युक्तीत नियमभंग कुठेही नव्हता. दुखावलेल्या वुडफुलची विचारपूस करायला इंग्लंडचे व्यवस्थापक पेल्हॅम वॉर्नर ड्रेसिंग रूममध्ये गेले तेव्हा त्याने त्यांना सुनावले की बाहेर दोन संघ आहेत, त्यातला एकच क्रिकेट खेळतो आहे. वॉर्नर हे या खेळाच्या नीतीचे आजन्म प्रवचनकार. त्यांच्याच धर्मग्रंथातले वचन एका वसाहतीच्या शिक्षकाने (वुडफुल पेशाने शिक्षक होता) त्यांच्यावर उलटवले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने तार करून ही गोलंदाजी ‘अखिलाडू’ असल्याचे कळवले, आणि खेळाचे नियम ठरवणाऱ्या, लॉर्ड्सवरच्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबला सर्वांत जास्त झोंबला तो हाच शब्द. बरगड्या ऑस्ट्रेलियाच्या दुखत होत्या, पण विव्हळत होते लंडन. दौरा रद्द करण्याची भाषा झाली, प्रकरण सरकारदरबारी गेले, आणि ऑस्ट्रेलियाला तो शब्द मागे घ्यावा लागला.

या प्रसंगात ‘नियम तो नियम’ म्हणणारे कुठे उभे राहतील? त्यांच्या न्यायाने वुडफुल रडका ठरतो. पण काळाने तसे ठरवले नाही: पुढे फलंदाजावर थेट मारा रोखण्याचे अधिकार पंचांना देण्यात आले आणि १९५७ पासून स्क्वेअर लेगच्या मागे दोनच क्षेत्ररक्षक ठेवण्याची मर्यादा आली. नियम गप्प होता, त्या गप्पपणात कोणीतरी ‘हे क्रिकेट नव्हे’ म्हणाले, आणि नंतर नियमाला बोलावे लागले. त्या वाक्याचे खरे काम हेच. आणि ‘परंपरा’ म्हणणारे कुठे उभे राहतील? परंपरेचे रक्षक तर त्या वेळी जार्डिनच्या पाठीशी होते. पुढच्याच हिवाळ्यात त्याच जार्डिनला कर्णधार करून भारतात पाठवण्यात आले. शिक्षा झाली ती लारवूडला. कर्णधाराच्या हुकमाप्रमाणे गोलंदाजी करून त्या मालिकेत ३३ बळी घेणाऱ्या या खाणकामगाराला नंतर माफीपत्रावर सही करायला सांगण्यात आले, त्याने नकार दिला आणि तो इंग्लंडसाठी पुन्हा कधीही खेळला नाही. १९५० साली तो सहकुटुंब ऑस्ट्रेलियात, म्हणजे ज्यांच्या बरगड्या त्याने शेकल्या होत्या त्यांच्याच देशात, स्थायिक झाला आणि तिथे त्याचे प्रेमाने स्वागत झाले.

लारवूडच्या वाट्याला आलेला न्याय अपवाद नव्हता. ती घरचीच रीत होती. १८०६ पासून १९६२ पर्यंत इंग्लंडमध्ये ‘जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स’ असा सामना होत असे: एका बाजूला हौशी सद्गृहस्थ, दुसऱ्या बाजूला मजुरीवर खेळणारे. त्यांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारे अनेक ठिकाणी वेगळी, आणि धावफलकाच्या कागदावर सद्गृहस्थांची आद्याक्षरे आडनावाच्या आधी तर मजुरांची नंतर. फ्रेड टिटमस या तरुण व्यावसायिकाची आद्याक्षरे छपाईच्या चुकीने आडनावाआधी पडली तेव्हा लॉर्ड्सच्या ध्वनिक्षेपकावरून ती दुरुस्ती जाहीर करण्यात आली. ग्रेस स्वतः हौशी म्हणवत असे, आणि खर्चाच्या नावाखाली बहुतेक व्यावसायिकांहून अधिक पैसे मिळवत असे. हे सगळे नियमाला धरून होते. पण एकाही सद्गृहस्थाला त्याबद्दल ‘हे क्रिकेट नव्हे’ असे मोठ्याने म्हणावेसे वाटले नाही, हे लक्षात घ्यायला हवे; क्रीझबाहेर गेलेल्या फलंदाजाला बाद करू नये एवढे सूक्ष्म नीतिभान असणाऱ्यांना वेगळे दार दिसत नव्हते.

आपण मराठी माणसांनी यावर फार हसू नये, कारण वेगळ्या दाराच्या बाबतीत आपण त्यांचे गुरू शोभतो. पालवणकर बाळू हा पुण्यातल्या इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी लोळवणारा, जाळी बांधणारा चर्मकार समाजातला तरुण. साहेबांना सरावासाठी तो तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकी. फलंदाजी मात्र त्याला कधी करू दिली नाही, कारण फलंदाजी हा वरच्यांचा प्रांत. पुढे हिंदूंच्या संघाला जिंकायचे होते म्हणून त्याला घेतले गेले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत होता, चहाच्या वेळी मात्र त्याला तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, जिथे भारतीय संघ बहुतेक सामने हरला, बाळूने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही मुंबईच्या जमातवार संघांच्या तिरंगी-चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. कर्णधार गुणवत्तेनेच निवडावा असे कोणत्या नियमात लिहिले होते? कुठेच नाही. नियम गप्प होता. १९२० साली त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या डावलण्याच्या निषेधार्थ संघातून माघार घेतली, आणि त्यांच्या माघारीचा आशय त्या इंग्रजी वाक्याहून वेगळा नव्हता. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला, संघ जिंकला, आणि सवर्ण प्रेक्षकांनीच त्याला खांद्यावर उचलले. तुलनेसाठी सांगतो: इंग्लंडला आपल्या कसोटी संघाचे नेतृत्व विसाव्या शतकात पहिल्यांदा एका व्यावसायिकाकडे सोपवायला १९५२ साल उजाडले. लेन हटनची ती पहिली कसोटी भारताविरुद्धच होती. वेस्ट इंडिजमध्ये संपूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार नेमला जावा यासाठी त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांना वृत्तपत्रातून मोहीम चालवावी लागली, आणि फ्रँक वॉरेल १९६० साली त्या जागी आले. साहेबाच्या शाळेत शिकलेली खेळाची नीती जेम्स यांनी फेकून दिली नाही. उलट, ती तुम्ही पाळत नाही एवढेच साहेबाच्या तोंडावर सांगितले.

मुंबईच्या एस्प्लनेड मैदानाची गोष्टही याच कुळातली. १८८० च्या आसपास पारशी आणि हिंदू पोरे त्या मैदानावर क्रिकेट खेळत आणि मूठभर गोरे अधिकारी तिथेच पोलो खेळून घोड्यांच्या टापांनी जमीन उखडत. गोऱ्यांच्या जिमखान्याची स्वतःची हिरवळ शेजारीच होती, पण तिच्यावर घोडे धावत नसत. शापूरजी सोराबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. त्यांचा युक्तिवाद साधा होता: मूठभरांच्या घोड्यांसाठी शेकडो मुलांचा खेळ मोडावा, हे तुमच्याच खेळभावनेत बसते का? काही काळ पोलो हलवला गेला, पुन्हा परत आला; अखेर किनाऱ्यावरच्या भरावाच्या जमिनीवर निरनिराळ्या समाजांना जिमखान्यांसाठी जागा मिळाल्या. मैदानाचा हा झगडा चालू असतानाच्याच दशकात पारशी संघ इंग्लंडचा दौरा करून आला, आणि १८९० साली पारशांनी मुंबईत इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज व्हर्ननच्या संघाला हरवले. ज्या मैदानावर भारतातली पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये झाली ते बाँबे जिमखान्याचे. लाला अमरनाथ यांनी तिथे शतक ठोकले, पण त्या संस्थेचे सभासद होण्याचा हक्क त्यांना किंवा कोणाही भारतीयाला नव्हता. कोण म्हणणार होते तेव्हा ‘हे क्रिकेट नव्हे’? जार्डिन?

आता नियमवाद्यांना माझ्याकडून एक अडचणीचा प्रश्न येतो. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी षटकार हवा असताना ग्रेग चॅपेलने आपला भाऊ ट्रेव्हर याला सरपटी चेंडू टाकायला सांगितले. नियमात ते बसत होते. मग ते योग्य होते का? नसेल, तर दीप्तीने केलेले योग्य कसे? तिनेही नियमात बसणारेच केले. दोन्ही कृती वैध आणि दोन्हींवर सारखीच ओरड, तेव्हा एकीला सोडणे आणि दुसरीला धरणे हा पक्षपात नाही का? हा प्रश्न टाळता येत नाही, पण त्याचे उत्तर आहे. सरपटी चेंडूने लढतच रद्द केली. फलंदाज कितीही कुशल असला तरी त्या चेंडूवर षटकार मारणे त्याच्या हातात राहिले नाही. गोलंदाजाच्या टोकाकडून आधी निघणारा फलंदाज मात्र स्वतःच एक हात जमीन चोरत असतो, आणि त्याला बाद करणारा गोलंदाज ती परत मिळवतो. चोरी करणाऱ्याला शिष्टाचाराचे संरक्षण आणि धरणाऱ्याला लाज, अशी ही उफराटी नीती टिकली तरी कशी? तिचे एक कारण मला सामाजिक वाटते: जुन्या इंग्लंडमध्ये फलंदाजी करणारे बहुधा सद्गृहस्थ असत आणि घाम गाळून गोलंदाजी करणारे बहुधा मजूर. मालकाला नोकराने रंगेहाथ पकडू नये, ही रीत कोणत्या वाड्यात नसते? २०२२ साली हा नियम ‘अनुचित खेळ’ या प्रकरणातून काढून साध्या ‘धावचीत’ या प्रकरणात हलवण्यात आला. लॉर्ड्सला बसणाऱ्या नियमकर्त्यांनीच तो निर्णय त्या मार्चमध्ये जाहीर केला होता. सप्टेंबरमध्ये आरडाओरड करणाऱ्यांना आपल्याच घरचा कागद वाचायला सवड मिळाली नव्हती.

परंपरावाद्यांची सर्वांत बळकट बाजू मात्र याहून वेगळी आहे आणि तिच्यापुढे मी थोडा नमतो. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिले असताना कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांनी तो बाद नाही असे सांगून त्याला परत बोलावले. टेलर-बोथम जोडीने १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. १९८७ च्या विश्वचषकात लाहोरला कोर्टनी वॉल्शने शेवटच्या चेंडूवर बाहेर निघालेल्या पाकिस्तानच्या सलीम जाफरला बाद न करता नुसती ताकीद दिली, सामना गेला आणि वेस्ट इंडिजची उपांत्य फेरीही गेली. हे दोघे मोठे होते हे कोण नाकारेल? परंतु औदार्य हे देणाऱ्याच्या खुशीचे असते. मागणाऱ्याला ते हक्काने मागता आले की त्याची खंडणी होते. विश्वनाथ यांनी दिले म्हणून पुढच्या प्रत्येक कर्णधाराने द्यावे, न देणारा नीच, हा निष्कर्ष निघतो तिथे दानाचा कर होतो. शिवाय विश्वनाथ यांच्या बाबतीत पंचांचा निर्णय मुळातच चुकीचा आहे असे त्यांना वाटत होते. म्हणजे त्यांनी नियमाला बगल दिली नाही, नियमाची चूक दुरुस्त केली.

बेअरस्टोचे प्रकरण खरे अवघड, कारण त्याने काही चोरले नव्हते. बाउन्सर सोडून, पायाने रेघ ओढून, षटक संपले असे समजून तो चालू लागला, सॅमी जोन्ससारखा. मी कर्णधार असतो तर अपील मागे घेतले असते असे मला वाटते. पण मी कसोटी कर्णधार नाही आणि मला मालिका जिंकायची नव्हती. कॅरीने चेंडू हातात येताच फेकला होता, आणि त्याच सामन्यात खुद्द बेअरस्टोने यष्टीमागून तोच प्रयत्न मार्नस लाबुशेनवर करून पाहिला होता. तरीही लॉर्ड्सच्या लाँग रूममध्ये, जिथे १९९८ पर्यंत सभासद म्हणून स्त्रीला प्रवेश नव्हता, ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंना सभासदांनी शिवीगाळ केली आणि त्यातल्या तिघांना क्लबला निलंबित करावे लागले. खेळभावनेच्या रक्षणासाठी शिव्या, हे दृश्य पाहून त्या कलमाची आठवण होते ज्यात बोलण्याची मुभा फक्त ड्यूकला होती.

२००० साली नियमसंहितेच्या आरंभी ‘क्रिकेटची भावना’ या नावाने एक प्रस्तावना जोडण्यात आली. मला ती चूक वाटते. अलिखित गोष्टीचे बळ ती अलिखित असण्यात असते. कागदावर आली की ती एक तर नियम होते नाही तर शोभेची झालर. आपल्या पोरांच्या खेळांत यापेक्षा चांगली व्यवस्था आहे. तिथे पंच नसतो, करार नसतो, पण ‘रडीचा डाव’ हा शब्द असतो, आणि तो कोणीही कोणालाही म्हणू शकतो: लहान मोठ्याला, पाहुणा घरच्याला, बॅट नसलेला बॅटवाल्याला. तिथे ‘लिंबूटिंबू’ असतो, ज्याला बाद करायचे नाही हे डाव सुरू होण्याआधीच सर्वांनी ठरवलेले असते; सवलत दुबळ्याला, आणि तीही आगाऊ. मोठे झाल्यावर मात्र आपण ‘खिलाडूवृत्ती’ हा जड शब्द उचलला आणि तो जवळजवळ नेहमी हरलेल्यालाच ऐकवतो. ‘खिलाडूवृत्तीने घ्या’ असे बढती नाकारलेल्या कारकुनाला सांगितले जाते, निविदेत डावललेल्या ठेकेदाराला सांगितले जाते, उमेदवारी कापलेल्या कार्यकर्त्याला सांगितले जाते. बढती कापणाऱ्या साहेबाला ‘हा रडीचा डाव झाला’ असे कोणी सांगितल्याचे ऐकिवात नाही. इंग्रजी वाक्प्रचार आपण अनुवादित केला तेव्हा त्यातला उतारही आपसूक आला, वरून खाली वाहणारा.

दीप्तीला तेव्हा खेळभावनेचे धडे देणाऱ्यांत माजी खेळाडू होते, समालोचक होते. जिचा बळी गेला ती चार्ली डीन दुसऱ्याच दिवशी, २५ सप्टेंबरला, त्याच लॉर्ड्सवर इंग्लंडमधील प्रादेशिक स्पर्धेचा अंतिम सामना खेळत होती. गोलंदाजीला धावत आली, अर्ध्यात थांबली आणि आपल्याच टोकाला उभ्या असलेल्या फलंदाजाकडे वळून तिने यष्ट्यांकडे चेंडू नेल्याचे सोंग केले. दोघी हसल्या. फलंदाज क्रीझमध्येच होती.